गाळणी नसलेली किडनी : बेडूकमासा, क्रिएटिनिन आणि ऊसतोडीचा फड



माजलगाव तालुक्यातल्या एका विहारात पावसाळ्यात आरोग्य तपासणी शिबिर होते. रक्तदाब मोजायचा, साखर बघायची, जुने रिपोर्ट वाचून समजावून सांगायचे, एवढेच काम. चाळिशीच्या एक ताई आल्या. अंगाने किरकोळ. वीस वर्षे ऊसतोडीला जातात, पावसाळ्यात गावी असतात. पायांवर सूज येते म्हणून कुठेतरी रक्त तपासून घेतले होते. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ असे लिहिलेले. "नॉर्मल हाय म्हणले, पर सूज जाईना," असे त्या म्हणाल्या. मी पाण्याचा विषय काढला. फडावर दिवसाकाठी किती पाणी पिता, लघवीला किती वेळा जाता, असे विचारत गेलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमचा भाऊ धरणावर मासे धरतो. डॉक्टरसाहेब, जलमभर पाण्यात ऱ्हानाऱ्या माशाला तरी किडनी असती का वो?"

आजूबाजूच्या बायाही हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसाची किडनी नेमकी कसे काम करते, यावरचा शास्त्रज्ञांमधला एक जुना वाद माशाच्या किडनीवरूनच सुटला, आणि ज्या माशाने तो सोडवायला मदत केली तो दिसायला अगदी बेडकासारखा आहे. त्या दिवशी रांग मोठी होती, म्हणून ताईंना पूर्ण उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

पाण्यातला तहानलेला मासा

माशाला किडनी असते. पाठीच्या कण्याला चिकटून, पोटाच्या वरच्या बाजूला गडद तांबड्या रंगाची लांबट पट्टी असते. मासा साफ करताना काळसर रक्तासारखे जे खरवडून काढावे लागते, ती बहुधा किडनीच. माजलगावच्या धरणातला रोहू घ्या किंवा मांजराच्या धनेगाव धरणातला कटला, दोघांचीही अडचण एकच आहे. त्यांच्या रक्तात मीठ आहे आणि बाहेरचे पाणी गोडे. जिथे मीठ जास्त तिकडे पाणी ओढले जाते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की फोडींतले पाणी बाहेर येते, तोच हा नियम. त्यामुळे धरणातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून सतत पाणी शिरत राहते. ते बाहेर फेकण्यासाठी त्याची किडनी रात्रंदिवस पातळ लघवी तयार करते. हा मासा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल.

समुद्रातल्या काटेवाल्या माशांचे उलटे असते. बाहेरचे पाणी त्यांच्या रक्तापेक्षा कितीतरी खारट. अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि मासा पाण्यात राहून कोरडा पडू लागतो. मग तो समुद्राचे पाणी पितो, त्यातले साधे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि मॅग्नेशियम, सल्फेट असे उरलेले क्षार किडनीवाटे अगदी थोड्या लघवीतून काढतो. पाण्यात राहणाऱ्यालाही पाणी जपून वापरावे लागते, हे ताईंना ऐकवायचे राहून गेले.

आता ज्या प्राण्याला पाणी वाचवायचे आहे त्याने आधी भरमसाट पाणी गाळायचे आणि मग ते परत शोषून घेण्याचा खटाटोप करायचा, हे जरा उधळपट्टीचेच. काही समुद्री माशांनी उत्क्रांतीच्या ओघात ही गाळणीच सोडून दिली. त्यांतला एक म्हणजे आपला बेडूकमासा.

कोण हा बेडूकमासा

बीडपासून समुद्र तीन-चारशे किलोमीटर. आपल्या आठवडी बाजारात समुद्र येतो तो सुकट आणि बोंबील होऊन. त्यामुळे हा मासा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसणार. मोठे चपटे डोके, या कानापासून त्या कानापर्यंत वाटावे असे तोंड, डोळे वर टपोरलेले, हनुवटीभोवती कातड्याच्या झालरी, अंग बुळबुळीत आणि बऱ्याच प्रकारांत खवले नाहीतच. पोटाचे पर सरकत सरकत गळ्याखाली आलेले, त्यामुळे तळाशी बसला की कोपरांवर टेकल्यासारखा दिसतो. लांबी साधारण फूटभर. चिखलात, दगडांच्या फटीत दबा धरून बसायचे आणि खेकडा, कोळंबी, लहान मासा टप्प्यात आला की तोंड उघडून गिळायचे, हा त्याचा धंदा. मागे धावणे त्याच्या स्वभावात नाही.

शास्त्रीय वर्गीकरणात या सगळ्यांचे एकच कुळ आहे, बॅट्राकॉइडिडी. ग्रीक भाषेत बॅट्राकोस म्हणजे बेडूक. कुळाचा गणही स्वतंत्र, बॅट्राकॉइडिफॉर्मिस, आणि त्या गणात हे एकटेच कुळ. प्रजाती ऐंशीच्या वर. बहुतेक समुद्रकिनाऱ्याच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांत राहतात. मोजक्या काही अ‍ॅमेझॉनसारख्या नद्यांच्या गोड्या पाण्यातही शिरल्या आहेत. भारताच्या किनाऱ्यावर दोन ठळक प्रकार सापडतात. एक अ‍ॅलनबॅट्राकस ग्रुनिअन्स. त्याचे वर्णन लिनियसने १७५८ सालीच करून ठेवले आहे. ग्रुनिअन्स म्हणजे डुकरासारखा गुरगुरणारा, कारण पाण्याबाहेर काढला की तो आवाज करतो. दुसरा पश्चिम किनाऱ्यावरचा. दुसुमिए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने हिंदुस्थानातून अनेक मासे गोळा करून पॅरिसला नेले, त्याचे नाव १८३७ मध्ये या माशाला मिळाले. पुढे त्याची प्रजाती या पोटगटातून त्या पोटगटात हलत राहिली. २००६ मध्ये डेव्हिड ग्रीनफिल्ड यांनी तिच्यासाठी नवीनच पोटगट केला आणि त्याला ब्रूस कोलेट या मत्स्यशास्त्रज्ञाचे नाव दिले. आजचे नाव कोलेटिक्थिस दुसुमिएरी.

कुळाचे चार उपकुळांत भाग पाडतात. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे ते हॅलोफ्रिनी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे ओळखीचे बेडूकमासे ते बॅट्राकॉइडिनी. अंगावर शेकडो प्रकाशबिंदू असलेले पोरिक्थिनी. हे ठिपके आरमारी गणवेशाच्या बटणांसारखे दिसतात म्हणून इंग्रजीत या माशाला नौदलातल्या शिकाऊ अधिकाऱ्याचे नाव पडले. आणि चौथे थॅलॅसोफ्रिनी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. यांच्या पाठीवर दोन आणि दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांवर एकेक असे काटे असतात. काटे आतून पोकळ, मुळाशी विषाची पिशवी. म्हणजे थेट इंजेक्शनची सुईच. ब्राझीलच्या किनाऱ्यावर मच्छीमारांचे पाय यावर पडतात आणि कित्येक दिवस त्यांचे काम बंद पडते. आपल्या किनाऱ्यावरच्या बेडूकमाशांचे काटे भरीव असतात, ही विषाची सुई त्यांच्याकडे नाही.

वर्गीकरणाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. लिनियससारख्या माणसाने या एकाच कुळातले दोन मासे दोन वेगळ्या ठिकाणी टाकले होते. हिंदी महासागरातला एका गटात आणि अमेरिकेचा, ज्याला आज ऑप्सॅनस टाऊ म्हणतात, तो १७६६ मध्ये चक्क कॉड माशांच्या गटात. नंतरच्या लोकांनी चूक सुधारली, पण चपटे डोके आणि गळ्याखालचे पर पाहून बेडूकमाशाला 'अँगलर' माशाचा जवळचा भाऊ ठरवले, आणि ते मत बराच काळ टिकले. गेल्या काही दशकांत डीएनए तपासल्यावर कळले की दोघांचा जवळचा संबंध नाही. तळाशी दबा धरून जगायचे म्हटले की चेहरा तसा होत जातो, रक्ताचे नाते नसले तरी. दिसण्यावरून वर्ग ठरवण्याची ही खोड शास्त्रालाही सोडवत नव्हती. (मी 'प्रजाती' हा शब्द जपून वापरतो आहे. तो माशांसाठी आहे. माणसांची जीवशास्त्रात एकच प्रजाती.)

या माशाचा आवाजही ऐकण्यासारखा. नर दगडाखाली, शिंपल्याखाली, कधी पाण्यात पडलेल्या डब्यातसुद्धा घर करतो आणि मादीला बोलावण्यासाठी हवेच्या पिशवीवरचे स्नायू थरथरवून भोंग्यासारखा सूर काढतो. हे स्नायू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा आखडून सैल होतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतके वेगवान स्नायू फार थोड्यांकडे आहेत. कॅलिफोर्नियात सॉसालिटो गावी लोक होडीघरांत राहतात. १९८० च्या दशकात तिथे रात्रभर गुणगुण ऐकू येऊ लागली आणि लोकांची झोप उडाली. पाण्याखालच्या तारा, गुप्त लष्करी प्रयोग, असे तर्क लढवून झाले. निघाले हेच मासे. मादी अंडी घालून निघून जाते आणि अंड्यांवर, नंतर पिलांवर, आठवडेच्या आठवडे पहारा नर देतो.

बेडकाने अर्धे सांगितले, बेडूकमाशाने उरलेले

आता किडनीकडे. माणसाच्या एका किडनीत सरासरी दहा लाख बारीक यंत्रे असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येकाच्या डोक्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. आपण त्याला गाळणी म्हणू. गाळणीच्या खाली वळणावळणाची नळी. चहा गाळतो तसे रक्त गाळले जाते. पेशी आणि प्रथिने वर राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया खाली नळीत उतरतात. दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी असे गाळले जाते. लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेले सगळे नळी परत रक्तात ओढून घेते. तीच साखर परत घेते, गरजेपुरते मीठ परत घेते.

शंभर वर्षांपूर्वी यावर मोठा वाद होता. गाळणी खरोखर गाळते का? आणि नळी फक्त परत शोषते, की स्वतःहून रक्तातली घाण ओढून लघवीत टाकतेसुद्धा? १९२४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला वेर्न आणि रिचर्ड्स यांनी जिवंत बेडकाच्या एका गाळणीत अतिशय बारीक काचेची नळी खुपसून थेंबभर पाणी काढले. त्यात साखर सापडली, प्रथिने नव्हती. मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती. म्हणजे गाळणी गाळते आणि नळी परत शोषते. अर्धा वाद बेडकाने मिटवला.

नळी स्वतः घाण बाहेर टाकते का, हा दुसरा अर्धा उरला होता. गाळणी आणि नळी एकत्र असताना कुणाचे काम कोणते हे वेगळे काढणे कठीण. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले ई. के. मार्शल यांना हवी होती गाळणीच नसलेली किडनी. काही समुद्री माशांच्या किडनीत गाळण्या नाहीत हे माहीत झालेले होते. बाल्टिमोर ज्या चेसापीक उपसागरावर वसले आहे, तिथे ऑप्सॅनस टाऊ हा बेडूकमासा भरपूर. १९२८ मध्ये मार्शल आणि ग्राफ्लिन यांनी अँगलर माशाच्या किडनीवर आणि १९२९ मध्ये मार्शल यांनी बेडूकमाशाच्या किडनीवर काम प्रसिद्ध केले. गाळणी नाही, तरी लघवी होते. रक्तात फिनॉल रेड नावाचा रंग टोचला तर तो लघवीत रक्तापेक्षा घट्ट होऊन उतरतो. गाळणी नसताना तो उतरला कसा? नळीनेच रक्तातून ओढून टाकला. उलट इन्युलिन नावाची एक साखरेच्या जातीची पण नळीला न ओढता येणारी वस्तू टोचली, तर ती या माशांच्या लघवीत येतच नाही. म्हणून माणसात गाळणी नेमकी किती चालते हे मोजायचे झाले तर इन्युलिन ही खरी मोजपट्टी, हे पक्के झाले.

गंमत अशी की अँगलर आणि बेडूकमासा हे जवळचे नातेवाईक नाहीत, हे आपण वर पाहिले. समुद्रघोडाही नाही, पण त्यालाही गाळणी नसते. पाणी वाचवायची गरज पडली तसतशी वेगवेगळ्या घराण्यांनी गाळणी आपापली स्वतंत्रपणे सोडली.

या नळीच्या कामाचा आपल्याला रोज उपयोग होतो. पेनिसिलिन टोचल्यावर ते शरीराबाहेर जाते ते मुख्यतः नळीने ओढल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात हे औषध इतके दुर्मीळ होते की रुग्णांच्या लघवीतून ते परत काढून वापरले गेले. बरीच औषधे याच वाटेने जातात, म्हणून किडनी कमजोर असलेल्या माणसाला डॉक्टर औषधाचा डोस कमी करून देतात. दुसऱ्याची गोळी आपण घेऊ नये याचे हेही एक कारण.

या माशाने वैद्यकाला आणखीही काही दिले आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा गोळा स्वादुपिंडापासून वेगळा आणि डोळ्यांना दिसेल एवढा असतो, त्यामुळे मधुमेहाच्या अभ्यासकांनी तो वापरला. १९९८ मध्ये दोन वेळा हे मासे अमेरिकेच्या अवकाशयानातून गेले. दुसऱ्या वेळी सोबत ७७ वर्षांचे जॉन ग्लेन होते. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे वजनरहित अवस्थेत काय होते हे पाहायचे होते. परतल्यावर पहिला दिवस माशाच्या कानातल्या नसा नेहमीपेक्षा फार जास्त संवेदनशील झालेल्या आढळल्या, मग दीडेक दिवसात ठिकाणावर आल्या. चक्करच्या आजाराविषयी पुन्हा कधीतरी लिहू.

१.१ चा अर्थ

ताईंच्या रिपोर्टकडे येऊ. क्रिएटिनिन ही स्नायूंच्या कामातून रोज तयार होणारी टाकाऊ वस्तू. किडनी ती बाहेर टाकते. किडनी मंदावली की रक्तात ती साचते, म्हणून आपण ती मोजतो. पण इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला त्या माशाच्या कामातूनच कळला. गाळणी नसलेल्या माशाच्या लघवीतही क्रिएटिनिन येते. म्हणजे नळीसुद्धा ते बाहेर टाकते. माणसातही थोडा भाग नळीतून जातो. गाळण्या मरू लागल्या तरी नळ्या काही काळ तो भार उचलतात, राहिलेल्या गाळण्याही जास्त राबतात, आणि रिपोर्टवरचा आकडा फारसा हलत नाही. किडनीचे काम जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन छापील मर्यादेत राहू शकते.

दुसरा खाचखळगा स्नायूंचा. ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनिन मुळातच जास्त. चाळीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ असेल तर आजच्या सूत्राने त्याच्या गाळणीचा वेग मिनिटाला सुमारे ८७ मिलिलिटर येतो. त्याच वयाच्या बाईचे १.१ असेल तर तो येतो सुमारे ६५. आकडा एकच, पण पुरुषाची किडनी ठीक आणि बाईची जपण्यासारखी. त्यात अंगाने किरकोळ, कमी खाणाऱ्या बाईत खरा वेग सूत्राने दाखवलेल्यापेक्षाही कमी असू शकतो. छापील मर्यादा मात्र कागदावर सगळ्यांना एकच दिलेली असते आणि पुढे तारांकन नसले की 'नॉर्मल' म्हणून कागद परत दिला जातो. ताईंना तसेच झाले.

म्हणून रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचारा. ई-जीएफआर किती आला? लघवीत अल्ब्युमिन तपासले का? मागच्या वेळच्या मानाने आकडा वाढला का? अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. गाळणी धड असेल तर ते खाली उतरत नाही. लघवीत ते प्रतिग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडले, तर गाळणीला भोके पडू लागली असे समजायचे, मग रक्ताचा आकडा कितीही साजरा असो. ई-जीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीत अल्ब्युमिन असे तीन महिने टिकले, तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. साखर किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यातच.

फडावर काय होते

फडावरचा दिवस आपल्या वाचकांना सांगायला नको. पहाटे अंधारात कोयता हातात, दुपारी उन्हात मोळ्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. उचल फिटायची असते, त्यामुळे बसून राहणे परवडत नाही. बाया पाणी मुद्दाम कमी पितात, कारण आडोसा नाही. अंग दुखते म्हणून गोळी, नाहीतर सुई. हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर काय गुदरते ते नीट समजून घ्या.

घाम गेला, पाणी कमी पडले की शरीर किडनीकडे जाणारे रक्त आवळते. अशा वेळी गाळणीच्या तोंडाची बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे काम शरीरातलीच काही रसायने करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या आणि सुया नेमकी हीच रसायने बंद पाडतात. वेदना त्यामुळेच थांबते आणि गाळणीचे तोंडही त्यामुळेच मिटते. भरपूर पाणी प्यायलेल्या, धडधाकट माणसाला एखादी गोळी सहसा काही करत नाही. उन्हात कोरड्या पडलेल्या अंगावर रोज एक, महिनोन्‌महिने, हे वेगळे प्रकरण आहे. फारच दुखले तर पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात, त्यामानाने किडनीला बरी.

हे दुसरीकडेही घडते आहे. २००२ मध्ये एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातल्या डॉक्टरांनी लिहिले की आमच्याकडे किडनी निकामी होऊन येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना ना साखर आहे ना दुसरे काही ठरलेले कारण. पुढे निकाराग्वा आणि शेजारच्या देशांतही तसेच दिसले आणि त्यांत ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने होते. नेमके कारण काय यावर अजून वाद आहेत, पण उन्हातले कष्ट आणि वारंवार कोरडे पडणे याकडे मुख्य बोट दाखवले जाते. तिथे काही ऊसमळ्यांवर उपाय करून पाहिला तो अगदी साधा : पाणी, सावली, विश्रांती. ठरलेल्या वेळी सक्तीची सुट्टी, सोबत सावलीचा तंबू, हाताशी पिण्याचे पाणी. मजुरांच्या किडनीला होणारी इजा कमी झाली. आपल्या टोळीत हे मुकादमाशी बोलूनच करावे लागेल, आणि उचल घेताना बोललेले बरे, मागून कोण ऐकतो. पाण्याचा ड्रम आणि बायांसाठी आडोसा या दोन गोष्टी तरी कोयत्याच्या हिशेबासोबतच ठरवून घ्या.

पाणी किती? लघवी फिकट पिवळी राहील इतके. गडद चहासारखी झाली तर ती धोक्याची खूण. ज्यांना आधीच पायावर सूज, दम लागणे किंवा किडनीचा आजार सांगितला आहे, त्यांनी मात्र पाण्याचे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. त्यांना जास्त पाणीही घातक ठरू शकते.

धरणावरच्या भावासाठी दोन गोष्टी

ताईंचा भाऊ मासे धरतो, म्हणून हे त्याच्यासाठी. रोहू, कटला अशा माशांचे पित्त, म्हणजे हिरवट पिशवी, साखरेवर, दम्यावर किंवा नजरेसाठी औषध म्हणून काही लोक गिळतात. हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. या पित्तात असे विष असते की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊ शकते. भारतात असे रुग्ण डायलिसिसवर ठेवावे लागले आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही. त्याला उतारा नाही, पण वेळेवर दवाखान्यात पोचलेल्यांची किडनी बहुधा पुन्हा चालू होते. मासा साफ करताना पिशवी फोडू नका. फुटलीच तर तो भाग कापून फेकून द्या.

दुसरे, काट्याचे. अमेरिकेतल्या बेडूकमाशासारखी सुई आपल्याकडे नाही, पण जाळ्यातल्या शिंगीच्या दोन्ही बाजूंच्या परांच्या काट्यांत विष असते आणि तो लागला की हात बधिर होईपर्यंत ठणकतो. जखमेवर तंबाखू, चुना, राख लावू नका. चिरा मारू नका, घट्ट दोरी बांधू नका. आधी स्वच्छ पाण्याने धुवा. काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर काढा. मग हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने आधी पाहा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलेही कळत नाही. हे विष प्रथिनांचे असते, उष्णतेने त्याचा जोर कमी होतो आणि ठणका उतरतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. साखर असलेल्याला काटा लागला, जखम लाल होऊन पसरू लागली किंवा ताप आला तर वाट पाहू नका.

तपासणी कुठे करायची असे बरेच जण विचारतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात विचारा, रक्त-लघवीचे नमुने तिथून प्रयोगशाळेकडे जातात. पुढच्या उपचारासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. जुने रिपोर्ट फेकू नका, फडावर जातानाही त्यांची एक झेरॉक्स पेटीत असू द्या. कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या डॉक्टरला तुमचा मागचा आकडा त्यावरूनच कळेल.

ताईंच्या लघवीत अल्ब्युमिन सापडले, फार नाही, पण आहे. रक्तदाबही वाढलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि अंगदुखीच्या गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पुन्हा दोन्ही तपासण्या करायच्या आहेत. टोळी दिवाळीच्या सुमारास निघते, त्याआधीची तारीख त्यांनी मुलीच्या वहीत लिहून घेतली आहे.